विनोद : मनाचा शॉक ॲब्सॉर्बर

आपल्या हॉस्टेलमध्ये सर्वांत जास्त हशा कधी पिकतो, हे तुम्ही कधी नीट पाहिलं आहे का? गॅदरिंगच्या दिवशी? मुळीच नाही! ओरलच्या आदल्या रात्री दोन वाजता, चौघांत मिळून एकच जर्नल पूर्ण झालेलं असतं तेव्हा. निकाल लागतो आणि कोणाला किती केटी लागल्या याची मोजदाद चालू असते तेव्हा. मेसमध्ये सलग चौथ्या दिवशी तीच दुधी भोपळ्याची भाजी ताटात पडते तेव्हा. म्हणजे जेव्हा जेव्हा रडायला हवं, नेमकं तेव्हाच आपण हसत असतो.

बाहेरचा माणूस म्हणेल, ही मुलं बेफिकीर आहेत. घरचेही फोनवर म्हणतात, "तुला कशाचं गांभीर्यच नाही." पण मित्रांनो, मला हे बेफिकिरीचं लक्षण वाटत नाही. भीती, लाज, राग, घरची आठवण, एकटेपणा या सगळ्यांशी दोन हात करण्याची ती आपली एक पद्धत आहे. ही पद्धत चांगली की वाईट? ती कधी उपयोगी पडते आणि कधी घात करते? मानसशास्त्रात यावर बराच अभ्यास झालेला आहे. तो आपल्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी कुठे अडखळलं तर सांभाळून घ्यावे ही विनंती.

हसणे वेगळे, विनोद वेगळा

शाळेत आम्ही 'सेन्स ऑफ ह्यूमर' हा शब्द शिकलो. मराठीत त्याला 'विनोदबुद्धी' म्हणतात हे मला अकरावीत कळलं, आणि मला मराठी शब्द जास्त अचूक वाटला. सेन्स म्हणजे डोळे-कानांसारखी जन्माबरोबर मिळालेली गोष्ट. बुद्धी मात्र वापरून वाढते, आणि ती चांगल्या कामाला लावायची की वाईट, हे आपल्या हातात असतं.

हसणं ही मुख्यतः शरीराची क्रिया आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला ही मंडळी गोल करून एकमेकांना विनोद सांगत. पण थोड्याच दिवसांत चांगल्या विनोदांचा साठा संपला आणि चावट, कोणाला तरी दुखावणारे विनोद यायला लागले. तेव्हा कटारियांनी विनोदच काढून टाकले आणि नुसता हसण्याचा व्यायाम ठेवला. सकाळी बागेत हात वर करून 'हो हो, हा हा' करणारे आजी-आजोबा दिसतात, तो हाच प्रकार. त्याने अंग मोकळं होतं, चार माणसं भेटतात, दिवस बरा जातो.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणसं कधी हसतात याचा अभ्यास केला. माणूस एकटा असताना हसतो त्यापेक्षा सुमारे ३० पट जास्त चारचौघांत हसतो, असं त्याला आढळलं. आपलाही अनुभव तोच आहे. मोबाईलवर एकट्याने विनोद वाचला तर नाकातून थोडी हवा सुटते. तोच विनोद सहा जण एका कॉटवर बसून ऐकत असले की कोणीतरी कॉटवरून खाली पडतो.

पण विनोद म्हणजे नुसतं हसणं नव्हे. विनोद ही एखाद्या गोष्टीकडे बघण्याची रीत आहे, आणि कठीण प्रसंगात खरा उपयोग या रीतीचा होतो.

एका छावणीतली गोष्ट

व्हिक्टर फ्रँकल हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांना छळछावण्यांत टाकलं. त्यांचे आई-वडील, भाऊ आणि पत्नी यांपैकी कोणीही वाचलं नाही. छावणीतल्या अनुभवांवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९४६ साली प्रसिद्ध झालं, ते आजही जगभर वाचलं जातं. त्यात विनोदाबद्दल एक प्रसंग आहे.

बांधकामावर त्यांच्याबरोबर एक सर्जन मित्र राबत होता. फ्रँकलनी त्याच्याशी एक ठराव केला. रोज दोघांनी मिळून किमान एक गमतीदार गोष्ट रचायची, आणि ती सुटका झाल्यानंतरच्या काळातली असली पाहिजे. साइटवर वरचा अधिकारी तपासणीला आला की मुकादम मजुरांवर ओरडायचा, "हला, पटापट हला!" फ्रँकल मित्राला म्हणाले, उद्या तू हॉस्पिटलमध्ये मोठं ऑपरेशन करत असशील आणि मोठे सर्जन येताहेत म्हणून वॉर्डबॉय धावत येऊन असाच ओरडेल! दुसरी गोष्ट सूपची. छावणीत मिळणारं सूप म्हणजे जवळजवळ पाणीच. वाटाण्याचे चार दाणे असले तर तळाशी. म्हणून कैदी वाढणाऱ्याला तळातून वाढ अशी विनवणी करत. आता कल्पना करायची, की सुटकेनंतर आपण कोणाकडे मेजवानीला गेलो आहोत आणि सवयीने यजमानीणबाईंना म्हणतो आहोत, "बाई, जरा तळातून वाढा हं!"

या विनोदाने भूक कमी झाली नाही, थंडी कमी झाली नाही, मुकादमही बदलला नाही. मग झालं काय? मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, ज्या मुकादमाला बघून पोटात गोळा यायचा, तो घटकाभर गोष्टीतलं एक पात्र झाला. भीती होती तिथेच होती, पण एक पाऊल मागे सरकून तिच्याकडे पाहता आलं. दुसरी, 'सुटकेनंतर' या शब्दात भविष्यकाळ गृहीत धरलेला होता. उद्या आहे असं मानल्याशिवाय ही गोष्ट रचताच येत नाही. तिसरी, ते दोघे होते. विनोद सांगायला समोर माणूस लागतो, आणि तो होता.

जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाने भावना आवरण्याच्या दोन रीतींची तुलना केली आहे. एक म्हणजे भावना दाबणं. यात चेहरा शांत दिसतो, पण आत शरीर तापलेलंच राहतं. दुसरी म्हणजे प्रसंगाचा अर्थच नव्याने लावणं. यात भावनेचा जोर मुळातच कमी होतो. चांगला विनोद हे दुसरं काम करतो. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवर १९३८ साली सुरू झालेला एक अभ्यास पुढे अनेक दशकं चालला. तो बरीच वर्षं सांभाळणारे डॉ. जॉर्ज व्हेलंट यांनी मनाच्या बचावाच्या रीतींची प्रतवारी लावली, तेव्हा विनोदाला सर्वांत वरच्या, म्हणजे परिपक्व गटात जागा दिली.

आता थोडं आपल्या विषयाकडे

मी मेकॅनिकलचा, त्यामुळे मला हे सगळं बाईकच्या मागच्या शॉक ॲब्सॉर्बरसारखं दिसतं. त्यात दोन भाग असतात, स्प्रिंग आणि डँपर. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग घेते, पण घेतलेली एनर्जी ती परत देते. नुसती स्प्रिंग असेल तर खड्डा मागे गेला तरी गाडी कितीतरी वेळ वर-खाली नाचत राहील. डँपरमध्ये तेल असतं. पिस्टन हलला की ते तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं, धक्क्याच्या एनर्जीची उष्णता होते आणि नाच थांबतो.

आपलं मनही नुसत्या स्प्रिंगसारखं वागतं. ओरलला एक्स्टर्नलने विचारलं, "तुम्हाला फर्स्ट इयरला कोणी पास केलं?" प्रसंग दहा सेकंदांचा. पण मन त्याची आवर्तनं रात्रभर करत बसतं. त्याच रात्री हा प्रसंग रूमवर एक्स्टर्नलच्या ॲक्टिंगसकट सांगितला, सगळे पोट धरून हसले, आणि आणखी तिघांनी आपापले किस्से काढले, की आवर्तनं कमी होतात. झोप लागते. हा झाला डँपर.

मात्र शॉक ॲब्सॉर्बर बसवला म्हणून काम संपत नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

एक, शॉक ॲब्सॉर्बर खड्डा बुजवत नाही. मॅथ्स थ्रीची केटी कितीही विनोद केले तरी मॅथ्स थ्रीचीच राहते. फॉर्म भरावा लागतो, अभ्यास करावा लागतो.

दोन, प्रत्येक शॉक ॲब्सॉर्बरला मर्यादा असते. लोड त्याच्या पलीकडे गेला की तो तळाला आपटतो आणि धक्का थेट चासीला बसतो. घरातलं माणूस जाणं, वडिलांचं कर्ज, महिनोन्महिने न जाणारी उदासी ही ओझी एकट्या विनोदाने पेलत नाहीत. तिथे माणसं लागतात, आणि गरज पडली तर डॉक्टर लागतो.

तीन, शॉक ॲब्सॉर्बर गेला आहे हे रस्त्यावरून बघणाऱ्याला पटकन कळत नाही. गाडी धावताना दिसते. हादरे बसतात ते फक्त चालवणाऱ्याला.

विनोदाचे चार प्रकार

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. माणूस रोजच्या जगण्यात विनोद कसा वापरतो, याचे त्यांनी चार प्रकार केले. नावं मी मराठीत माझ्या मनाने दिली आहेत.

१) जोडणारा विनोद : सगळ्यांनी मिळून हसायचा. पाणी गेलं, लाइट गेली, मेसची भाजी, सबमिशनची रांग हे त्याचे विषय. नवीन आलेला मुलगा पहिल्या आठवड्यात घरच्या आठवणीने कोपऱ्यात बसलेला असतो. मेसच्या पोळीवर त्याने पहिला विनोद केला आणि टेबल हसलं, की तो हॉस्टेलचा झाला.

२) सावरणारा विनोद : स्वतःच्या फजितीकडे थोडं लांबून बघण्याचा. पु. ल. देशपांडे यांच्या 'असा मी असामी'तला धोंडो भिकाजी जोशी हा याचा नमुना. साधा कारकून, बदलत्या जगात पावलोपावली गोंधळणारा. तो आपला गोंधळ खुशाल सांगतो, पण स्वतःला कवडीमोल मात्र कधी ठरवत नाही. हा विनोद एकट्यानेही करता येतो, मनातल्या मनात.

३) बोचणारा विनोद : दुसऱ्याला खाली पाडून केलेला. मराठी मीडियममधून आलेल्या मुलाने सेमिनारमध्ये एका शब्दाचा उच्चार चुकवला आणि चार वर्षं त्याला त्याच शब्दाने हाक मारली जाते. कोणाच्या रंगावर, गावाकडच्या बोलीवर, आडनावावर 'गंमत' होते. त्यात हसणाऱ्याचा ताण कदाचित हलका होत असेल, पण तो नाहीसा होत नाही, दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. आपल्या जुन्या शास्त्रातही हसण्याची प्रतवारी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत स्मित सगळ्यांत वर आणि 'उपहसित' मधल्या गटात. आपला 'उपहास' हा शब्द त्याच कुळातला. आणि एक व्यवहाराची गोष्ट : महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. त्याच्या व्याख्येत चिडवणं आणि गंमत म्हणून केलेला त्रासही येतो. "सर, जोक होता" हे उत्तर तिथे चालत नाही.

४) स्वतःला पाडणारा विनोद : लोकांनी हसावं म्हणून स्वतःलाच तुडवायचं. वरवर हा दुसऱ्या प्रकारासारखा दिसतो, पण फरक मोठा आहे. "आज ओरलला घाबरून मी कार्नो सायकलच्या जागी सरांचंच नाव सांगितलं" हा सावरणारा विनोद झाला, कारण हसू घटनेवर आहे. "माझ्यासारख्या ढ माणसावर बापाने पैसे फुकट घालवले, हा हा हा" यात हसू स्वतःच्या किमतीवर आहे.

मार्टिन आणि नंतरच्या अनेक अभ्यासकांना असं आढळलं, की पहिले दोन प्रकार वापरणारी माणसं साधारणपणे जास्त समाधानी असतात, आणि चौथ्या प्रकाराबरोबर उदासी, चिंता आणि कमी आत्मविश्वास जास्त दिसतो. याचा अर्थ असा विनोद केल्यामुळेच उदासी येते असा नाही. पण दोन्ही एकत्र आढळतात, म्हणून सावध व्हायला हवं. ग्रॉस आणि ॲन्ड्रिया सॅमसन यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना त्रासदायक चित्रं दाखवली आणि त्यांवर काहींना समजूतदार विनोद, तर काहींना खवचट विनोद करायला सांगितलं. समजूतदार विनोदाने मन जास्त सावरलं.

विनोदाची वेळ

विनोदाला वेळही कळावी लागते. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या अमेरिकन संशोधकांचं म्हणणं असं, की काहीतरी चुकलेलं आहे आणि तरी ते निरुपद्रवी आहे, असं एकाच वेळी वाटलं की हसू येतं. २०१२ साली अमेरिकेत सँडी नावाचं मोठं चक्रीवादळ आलं. त्यावरचे विनोद लोकांना केव्हा किती मजेशीर वाटतात, हे मॅकग्रॉ आणि सहकाऱ्यांनी तपासलं. नुकसान ताजं असताना ते विनोद रुचले नाहीत, सुमारे महिन्याभराने सर्वांत जास्त आवडले, आणि तीन महिन्यांनंतर पुन्हा फिके पडले. जखम फार जवळ असेल तर विनोद मीठ होतो, फार लांब गेली तर अळणी.

हॉस्टेलसाठी यातून एक साधा नियम निघतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणून पहिला विनोद करण्याचा हक्कही त्याचाच. ज्याला वायडी लागली आहे, त्याने स्वतः विनोद केला तर आपण हसावं. त्याच्या आधी आपण सुरू करू नये.

ताट तसंच ठेवतो

आमच्या हॉस्टेलमध्ये सीनिअर्स एक गोष्ट सांगतात. मी येण्याच्या आधीची. एका विंगमध्ये एक मुलगा होता, सगळ्यांना हसवणारा. चार केटी लागल्या तेव्हा त्याने दारावर स्वतःच 'केटी किंग' असा बोर्ड लावला. गर्दी त्याच्याच रूमवर. एक दिवस मेसचे काका रेक्टर सरांना म्हणाले, "सर, तो पोरगा हल्ली लई हसवतो, पण ताट तसंच ठेवतो."

सरांनी त्याला चहाला बोलावलं. तिथेही त्याने पहिली दहा मिनिटं विनोदच केले म्हणे. सर हसले, आणि मग एवढंच म्हणाले, "बरं, हे झालं. आता जेवत का नाहीस ते सांग." तो बराच वेळ गप्प बसला आणि मग बोलायला लागला. घरी निकाल सांगितला नव्हता, कित्येक रात्री झोप नव्हती. पुढे घरचे येऊन भेटले, तो काउन्सेलरकडे जाऊ लागला, दोन सेमिस्टरमध्ये केटी सुटल्या. विनोद त्याने शेवटपर्यंत सोडले नाहीत, फक्त दारावरचा बोर्ड काढला.

या गोष्टीत मला मेसचे काका सर्वांत मोठे मानसशास्त्रज्ञ वाटतात. बाकी सगळे विनोद ऐकत होते, काकांनी ताट पाहिलं.

मग करायचं काय?

१) घटनेवर हसा, माणसावर नको. त्या माणसांत तुम्ही स्वतःही आलात.

२) दिवसभरातला एक वाईट प्रसंग रात्री कोणाला तरी गोष्टीसारखा सांगा. अगदी ॲक्टिंगसकट! सांगायला कोणी नसेल तर वहीत लिहा.

३) विनोदानंतर एक वाक्य सरळ बोला. "एक्स्टर्नलने पार धुतला रे" यावर हसून झालं, की "पण खरं सांगू, तेव्हा रडूच आलं होतं" एवढं एकच वाक्य. ते बोलता आलं तर तुमचा डँपर ठीक आहे. तेवढंही बोलता येत नसेल, तर विनोदाच्या मागे काहीतरी दडवलं जात आहे असं समजा.

४) ऐकणाऱ्यानेही हसून झाल्यावर एकदा विचारावं, "ते राहू दे. तू कसा आहेस?" आणि मग गप्प बसून ऐकावं.

५) ताटाकडे लक्ष ठेवा. जेवण, झोप, आंघोळ, लेक्चर सुटायला लागली, घरचे फोन उचलणं बंद झालं, स्वतःच्या आवडत्या वस्तू वाटायला सुरुवात झाली, मरणाविषयीचे विनोद पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर ती गंमत समजू नका. सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन कल्पना जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडू नका, आणि रेक्टर किंवा घरच्यांना लगेच कळवा. "कोणाला सांगू नकोस" हे वचन अशा वेळी पाळायचं नसतं.

६) सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. मेसचा टाइमटेबल लावतो तिथेच हा नंबरही लावून ठेवायला हरकत नाही.

शेवटी रेक्टर सर, मेसचे काका, वॉचमन काका आणि सर्व स्टाफ यांना एक विनंती. रात्री दोन वाजता आमच्या रूममधून हशा ऐकू आला तर कृपया लगेच ओरडू नका. बहुतेक वेळा आत कोणाचा तरी खराब गेलेला दिवस दुरुस्त होत असतो. आणि एखाद्या रूममधून नेहमी येणारा हशा अचानक बंद झाला, किंवा एकाच मुलाचा आवाज फार वाढला, तर जरूर दार वाजवा.

मित्रांनो, येत्या सबमिशनसाठी सर्वांना शुभेच्छा! हसत राहा, हसवत राहा, आणि मधूनमधून एखादं वाक्य न हसताही बोला.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)